नव्या फर्निचरचा वास

सिव्हिल इंजिनिअरिंग करून आयटीत नोकरी करणाऱ्या माणसाला वर्षातून दोन-चारदा एक प्रश्न हमखास झेलावा लागतो. लग्नात, बारशात, लिफ्टमध्ये, कुठेही. "मग त्या डिग्रीचं काय केलंस?" माझं उत्तर ठरलेलं असायचं, "फ्रेम करून लावलीय." लोक हसायचे, विषय बदलायचा. २०२३ साली मात्र त्या डिग्रीवरची धूळ झटकायची वेळ आली, आणि तीही अशा एका परीक्षेसाठी, जिचं नाव सांगताना आमच्या मातोश्री अजूनही अडखळतात : लीड एपी, आयडी प्लस सी.

झालं असं की आमची टीम ऑफिसच्या इमारतींसाठी सॉफ्टवेअर लिहिते. एसी किती चालला, दिवे कधी बंद झाले, मजल्यावर माणसं किती, वगैरे. अमेरिकेतल्या क्लायंटला टीममध्ये असा एक तरी माणूस हवा होता ज्याला 'ग्रीन इंटिरिअर' म्हणजे काय हे कळतं. मॅनेजरनं सगळ्यांचे बायोडेटा चाळले. सिव्हिलवाले दोनच निघाले. दुसऱ्याचं डिसेंबरात लग्न होतं. म्हणजे उरलो मी! पास झालो तर डिझाइनचं काम माझ्याकडे येणार होतं, नाहीतर रात्रपाळीचा सपोर्ट होताच. तेव्हा पर्यावरणप्रेमानं पेटून वगैरे मी अभ्यासाला बसलो नाही, हे आधीच सांगितलेलं बरं.

आता ही परीक्षा काय भानगड आहे ते थोडक्यात. लीड ही इमारतींना 'हिरवेपणाचे' गुण देणारी पद्धत. ती यूएस ग्रीन बिल्डिंग कौन्सिल या १९९३ साली स्थापन झालेल्या संस्थेनं काढली. आपल्याकडे ती बरीच जुनी आहे. हैदराबादच्या सीआयआय-सोहराबजी गोदरेज ग्रीन बिझनेस सेंटरच्या इमारतीला २००३ मध्ये लीडचं प्लॅटिनम मिळालं, आणि अमेरिकेबाहेर ते मिळवणारी ती पहिली इमारत. आयडी प्लस सी म्हणजे इंटिरिअर डिझाइन अँड कन्स्ट्रक्शन. इमारत दुसऱ्या कुणाची, तुम्ही आतला एखादा मजला भाड्यानं घेतलाय आणि तो सजवताय, अशांसाठी ही शाखा. ऑफिस, दुकान, हॉटेल. आधी 'ग्रीन असोसिएट'ची पायरी चढायची, मग ही. मी दिली तेव्हा शंभर प्रश्न, दोन तास. प्रश्नामागे बहात्तर सेकंद. निकाल १२५ ते २०० च्या पट्टीवर, १७० ला पास.

पहिल्या शनिवारी ती जाडजूड रेटिंग सिस्टिम उघडली आणि आयटीवाला जे करतो तेच केलं. एक्सेल शीट. एका बाजूला विभाग, दुसऱ्या बाजूला गुण. मी ज्यावर परीक्षा दिली त्या चौथ्या आवृत्तीत ऑफिसच्या इंटिरिअरला एकूण ११० गुण होते. त्यातले ३८ वीज आणि ऊर्जेला, १८ जागा आणि वाहतुकीला, १७ आतल्या वातावरणाला, १३ सामानसुमानाला, १२ पाण्याला. उरलेले किरकोळ. चाळीस मिळाले की सर्टिफाइड, पन्नासला सिल्व्हर, साठला गोल्ड, ऐंशीला प्लॅटिनम.

यात एक गंमत आहे. काही गोष्टींना गुणच नाहीत, त्या 'प्रीरिक्विझिट'. म्हणजे करायच्याच, आणि त्याबद्दल शाबासकी नाही. एक जरी राहिली तरी बाकीच्या शंभर गुणांना काडीची किंमत नाही. आपल्या भाषेत सांगायचं तर कोड कंपाइलच होत नाही, मग टेस्ट केस किती पास झाल्या ते कोण विचारतो? हे एकदा डोक्यात बसलं आणि अर्धा अभ्यास सोपा झाला. पाण्याचा वापर ठरलेल्या पायापेक्षा २० टक्के कमी हवाच. सिगरेट ओढायची तर दारापासून, खिडकीपासून आणि हवा आत घेणाऱ्या झरोक्यापासून २५ फूट लांब. इत्यादी इत्यादी.

दुसरा त्रास मापांचा. गॅलन, क्युबिक फूट, फॅरनहाइट. कमोडचा पाया १.६ गॅलन, म्हणजे आपले सहा लिटर. शॉवर मिनिटाला अडीच गॅलन. आमच्या सोसायटीत उन्हाळ्यात टँकर येतो आणि माणशी दोन बादल्यांचा अलिखित कायदा आहे. तिथे बसून अडीच गॅलनचा शॉवर पाठ करताना हसू येतं. पण पाठ केला. इंजिनिअरिंगची चार वर्षं आपण दुसरं काय केलं?

इथपर्यंत सगळं शीटमध्ये नीट बसत होतं. गाडी अडली ती दोन ओळींवर.

पहिली ओळ सामानसुमानाच्या विभागातली. 'लाँग-टर्म कमिटमेंट', एक गुण. भाडेकरूनं त्याच जागेत किमान दहा वर्षं राहायचं लेखी कबूल करायचं, बस्स. ना सोलर पॅनल, ना बांबूची जमीन, नुसतं राहायचं! मी पुन्हा वाचलं. मग माझ्या नोकरीच्या चार-पाच वर्षांत हिंजवडीत पाहिलेली ऑफिसं आठवली. आमच्याच इमारतीत वरच्या मजल्यावर एक कंपनी होती. ती गेली, दुसरी आली. मधल्या दोन महिन्यांत चांगलं धडधाकट फॉल्स सीलिंग, काचेच्या केबिन, कार्पेट, टेबलं, सगळं तोडून ट्रकमध्ये. नव्या कंपनीचा रंग निळा, जुनीचा नारिंगी, एवढंच काय ते कारण. इमारत पन्नास-साठ वर्षं उभी राहते. तिच्या पोटातलं सामान मात्र भाडेकरूगणिक बदलतं. म्हणून राहण्यालाच गुण. आणि त्याच विभागात जुनं लाकूडकाम, जुनं फर्निचर पुन्हा वापरणं अशा गोष्टींना मिळून चार गुणांपर्यंत. त्या १३ गुणांच्या विभागात सगळ्यात मोठा वाटा यालाच. थोडक्यात, सगळ्यात हिरवं टेबल कोणतं? जे आधीपासून आपल्याकडे आहे ते.

माझ्या आजीला हे सांगितलं असतं तर ती म्हणाली असती, याला परीक्षा कशाला हवी?

दुसरी ओळ आतल्या वातावरणाच्या विभागातली. 'लो-एमिटिंग मटेरिअल्स', तीन गुण. म्हणजे रंग, गोंद, प्लाय, फर्निचर यांतून हवेत कमीत कमी रसायनं सुटली पाहिजेत. यातलं मुख्य पात्र फॉर्मल्डिहाइड. साधं प्लायवूड, एमडीएफ, पार्टिकल बोर्ड यांचे थर किंवा भुसा एकत्र धरून ठेवायला बहुतेकदा युरिया-फॉर्मल्डिहाइडचा डिंक वापरतात. स्वस्त आणि चिवट. पण तो हळूहळू विरघळत राहतो आणि महिनोन्‌महिने हवेत वायू सोडतो. उष्णता आणि दमटपणा वाढला की जास्त सोडतो. डोळे चुरचुरणं, घसा खवखवणं ही त्याची पहिली ओळख. २००४ साली जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेनं त्याला माणसात कर्करोग घडवणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात टाकलं.

हे वाचलं आणि डोळ्यांसमोर मामा आले.

माझे मामा फर्निचरचं काम करतात. सोळाव्या वर्षी सांगलीकडून पुण्यात आले, भवानी पेठेतल्या टिंबर मार्केटात हमालीपासून सुरुवात केली, मग मिस्त्रीच्या हाताखाली, मग स्वतःची चार कारागिरांची टोळी. चाळीस वर्षं झाली. लहानपणी सुट्टीत मी त्यांच्याबरोबर साइटवर जायचो. रंध्याखालून निघणाऱ्या लाकडाच्या सुरळ्या गोळा करणं हे माझं काम. पुढे रंधा मागे पडला, प्लाय आणि सनमायका आला, कटर आला, भुशाची जागा पिठासारख्या बारीक धुळीनं घेतली. मामांना सकाळी उठल्यावर खोकला येतो. दहा मिनिटं येतो आणि जातो. घरात त्याला 'मामांचा गजर' म्हणतात. डोळे कायम लालसर. हे आम्हाला इतकं सवयीचं की त्याबद्दल कुणी कधी विचारलं नाही, त्यांनीही सांगितलं नाही.

हा खोकला प्लायमुळेच असं मी म्हणत नाही, मी डॉक्टर नाही. पण त्या रविवारी रेटिंग सिस्टिम बॅगेत टाकली आणि त्यांच्याकडे गेलो.

मामी चहा टाकत होत्या. मामांनी पानं उलटून पाहिली, चित्रं नाहीत म्हणून परत दिली. "काय रे, सिव्हिल करून कॉम्प्युटरवर बसलास, आणि आता परत खोल्यांचा अभ्यास?"

"मामा, तुम्ही नवीन फर्निचर करता तेव्हा डोळे चुरचुरतात ना, त्याला यात मार्क आहेत."

"चुरचुरण्याला?"

"नाही हो, न चुरचुरण्याला. तीन."

मामा हसले. मग म्हणाले, "चुरचुरतं ते भारी प्लायला कमी. स्वस्तातला माल उघडला की गोदामात उभं राहवत नाही. पावसाळ्यात तर विचारू नकोस."

मी गप्प. उष्णता आणि दमटपणाचं जे वाक्य मी आदल्या रात्री पिवळ्या रंगानं रंगवलं होतं, ते यांना नाकानं माहीत होतं. भारी मालाचंही तसंच. पाण्यात टिकणारं मरीन प्लाय (आयएस ७१० वालं) फिनॉलच्या डिंकानं चिकटवतात, तो सहज सुटत नाही, म्हणून वायूही कमी. साध्या एमआर प्लायला बहुधा युरियाचा. मामांनी रसायनशास्त्र वाचलेलं नाही, पण वर्गीकरण बरोबर!

मग त्यांनी एक प्रश्न विचारला आणि तो प्रश्न माझ्या कुठल्याही मॉक टेस्टमध्ये नव्हता. "हे तीन मार्क कुणासाठी? जो राहायला येणार त्याच्यासाठी, का जो करतो त्याच्यासाठी?"

"बघून सांगतो," म्हटलं आणि घरी आलो.

खरंच बघितलं. लो-एमिटिंगचा सगळा हिशेब खोलीत वावरणाऱ्या माणसाच्या हवेचा. पण त्याच्या खालीच अजून एक ओळ आहे, जिच्याकडे एका गुणाची म्हणून मी फारसं लक्ष देत नव्हतो : बांधकाम चालू असताना आतली हवा सांभाळण्याची योजना. तिचा उद्देश लिहिताना आधी बांधकाम कामगारांचं भलं म्हटलंय, राहणाऱ्यांचं नंतर. त्यात पाच गोष्टी : एसीच्या नळ्या झाकून ठेवा, घाण करणारं सामान मुळातच कमी आणा, धूळ दुसऱ्या खोलीत जाणार नाही असा आडोसा करा, रोजच्या रोज साफसफाई करा, आणि कामाचा क्रम असा लावा की वास सोडणारी कामं आधी होतील आणि वास शोषणारं कापड, कार्पेट नंतर येईल. महागडं यंत्र यात एकही नाही. मामांच्या प्रश्नाचं उत्तर असं निघालं : राहणाऱ्याला तीन, करणाऱ्याला एक. तोही राहणाऱ्याबरोबर वाटून.

फोनवर सांगितलं तर म्हणाले, "एक तर एक. आजवर शून्य होता."

हे वाक्य मला अजून पुरतं पचलेलं नाही.

तिसरी गोष्ट फ्लश-आउटची, कारण आपल्यासारख्या नव्या फ्लॅटवाल्यांना ती थेट लागू आहे. काम संपल्यावर, माणसं राहायला यायच्या आधी, बाहेरची ताजी हवा आत खेळवून सगळी रसायनं हाकलायची. किती हवा? दर चौरस फुटाला १४,००० घनफूट. मी आपल्या दहा बाय बाराच्या बेडरूमचा हिशेब केला. क्षेत्रफळ १२०, म्हणजे १६ लाख ८० हजार घनफूट हवा. दहा फूट उंची धरली तर खोलीतली सगळी हवा चौदाशे वेळा बदलायची! मिनिटाला ५०० घनफूट ओढणारा पंखा लावला तर ५६ तास अखंड. आणि अट अशी की आतलं तापमान १५ ते २७ अंशांत, आर्द्रता ६० टक्क्यांच्या आत. जुलैतल्या पुण्यात नुसत्या खिडक्या उघडून ६० टक्के? शेवाळ धरलेल्या भिंतींना विचारा.

मामांची पद्धत काय? "पॉलिश झालं की पंधरा दिवस खिडक्या उघड्या टाकायच्या आणि कपाटांची दारं पण. लोक कपाटाची दारं बंद ठेवतात आणि मग साड्यांना वास येतो म्हणतात." चौदा हजारांचा आकडा नाही, पण दिशा तीच. फरक एवढाच की गिऱ्हाईक पंधरा दिवस देत नाही. त्याला पॉलिशवाला संध्याकाळी गेला की सकाळी वास्तुशांत हवी असते. आजकाल तर '४५ दिवसांत घर तयार' अशा जाहिराती असतात. पंचेचाळीस दिवसांत काम होतं हो, पण हवा व्हायला वेळ लागतो, तो त्यात कुणी धरत नाही.

असो. परीक्षेचं पुढे काय झालं? नऊ शनिवार-रविवार, पाच मॉक टेस्ट, साडेतीनशे फ्लॅश कार्डं. बायको भाजी निवडता निवडता कार्डं विचारायची. शेवटी शेवटी तिलाच माझ्यापेक्षा जास्त येत होतं. केंद्रावर खिशातला रुमालसुद्धा तपासून आत सोडलं. शंभर प्रश्न, बारा मिनिटं उरली, पडद्यावर आकडा आला १७९. रात्रपाळी टळली. डिझाइनचं काम मिळालं. आता दर दोन वर्षांनी तीस तास शिकत राहायचं म्हणजे पदवी टिकते. मधल्या काळात, एप्रिल २०२५ मध्ये, लीडची पाचवी आवृत्तीही आली, त्यामुळे माझी ती शीट आता जुन्या रिलीजची झाली. चालायचंच. आपल्या धंद्यात कुठली गोष्ट दोन वर्षांत जुनी होत नाही?

जुनं झालं नाही ते एकच. पूर्वी कुणाच्या नव्या फ्लॅटमध्ये गेलो की दारातच म्हणायचो, "वा, काय नवा नवा वास येतोय!" आता तो वास आला की डोकं विचारायला लागतं : हा कुठून येतोय, किती दिवस येईल, आणि हे सगळं करताना तो ज्यानं दिवसाचे दहा तास घेतला त्याचं काय?

मित्र आता सल्ला विचारतात, कारण निम्मे लोक घर घेतायत. आयडी प्लस सी घरांसाठी नाही, तरी त्यातला घरात चालण्याजोगा भाग सांगतो. पैसे फार लागत नाहीत, वाचतातच.

एक, आधी काय काय तसंच ठेवता येईल ते ठरवा. आईचं सागवानी कपाट रंगात बसत नाही म्हणून भंगारात घालू नका. ते कधीच वास सोडून मोकळं झालंय. दोन, प्लाय घेताना जाडी आणि भाव विचारता, तसंच 'ई-वन आहे का ई-झीरो' हेही विचारा. फॉर्मल्डिहाइड किती सुटतो त्याची ती प्रतवारी आहे, झीरो म्हणजे कमी. तीन, बोर्डाच्या सगळ्या कडा पट्टीनं बंद करून घ्या, मागच्यासुद्धा, कारण कापलेल्या उघड्या कडेतून जास्त सुटतो. चार, शक्यतो ऐन पावसाळ्यात पॉलिश नको. पाच, काम संपणं आणि राहायला जाणं यात पंधरा दिवस सोडा, भाडं एक महिना जास्त गेलं तरी. घरात लहान बाळ येणार असेल तर त्याची खोली सगळ्यात आधी करून घ्या.

आणि सहावी गोष्ट कुठल्याच शीटमध्ये नाही. कटर बाल्कनीत चालवू द्या. "सोसायटीवाले ओरडतात" म्हणून मिस्त्रीला बंद बेडरूममध्ये कोंडून प्लाय कापायला लावू नका. सोसायटीच्या चेअरमनशी बोलायचं काम तुमचं आहे, त्याचं नाही. डब्यात चांगले मास्क आणून ठेवा. दोन दिवस ते हसतील, तिसऱ्या दिवशी एक जण घालेल.

मामांनी काही एका रात्रीत बदल केला नाही. त्यांचं गिऱ्हाईक भावावर अडतं, आणि ई-झीरोचा फरक खिशातून भरणं त्यांना परवडणारं नाही. पण आता कोटेशन देताना ते दोन भाव लिहितात, साधा आणि 'कमी वासाचा'. अजून बहुतेक लोक पहिलाच घेतात. गेल्या महिन्यात कोथरूडच्या एका जोडप्यानं दुसरा घेतला. दोघं आयटीतलेच, बाई सहा महिन्यांच्या गरोदर. मामांनी मला मुद्दाम फोन करून सांगितलं. वर म्हणाले, "त्या कामावर कारागीर संध्याकाळी डोळे चोळत नव्हते रे."

तुमच्यापैकी कुणाचं घराचं काम निघणार असेल, तर कोटेशनमध्ये तो दुसरा भाव मागून बघा. मिस्त्रीनं विचारलं "कशाला?", तर सांगा, एक मार्क तुमचाही आहे.